नोंदवहीतला समवन

४ मार्च

आज पुन्हा ३.१ मिलिग्रॅमचा फरक. ऑफिसच्या नोंदवहीत हे लिहून झालं आहे. पण तिथे वैताग लिहायला रकाना नाही, म्हणून ही वही.

परिस्थिती अशी. आम्ही वजनं तपासतो. दुकानातलं किंवा औषधाच्या कारखान्यातलं किलोचं वजन खरंच किलोचं आहे, असा दाखला आमची प्रयोगशाळा देते. त्यासाठीचा तराजू काचेच्या पेटीत, पेटी दगडी टेबलावर, टेबल वजनाच्या खोलीत. रोज सकाळी नऊ वाजता त्यावर शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवून बघायचं. अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे नाही.

२७ तारखेला बाहेरच्या संस्थेच्या तपासनीस बाई येणार आहेत. तोपर्यंत तराजू सुधारला नाही तर दाखले देण्याचा आमचा अधिकार जाईल. ३१ तारखेला माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपतं. साहेब म्हणाले, "तराजू सरळ, तर तुम्ही कायम." ते फार कमी बोलतात. मला ते आवडतं.

खोलीत वावरणारी माणसं दोन. काका, म्हणजे ज्येष्ठ तंत्रज्ञ, तीस वर्षं नोकरी. आणि लांबू, कनिष्ठ तंत्रज्ञ, अकरा वर्षं. उंचीवरून पडलेलं नाव. फोनवर तो स्वतःही "लांबू बोलतोय" असंच म्हणतो. दोषी या दोघांपैकीच एक.

मी रुजू झाले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं, कारण खिडकी उघडी ठेवली म्हणून एकाने नोंदवहीत दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात नियम केला: नोंदवहीत कुणाचंही नाव नको. इंग्रजीत 'समवन', म्हणजे कोणीतरी, एवढंच लिहायचं. आपल्याला दोष शोधायचा आहे, दोषी नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलतात. माझ्याशी कमी बोलतात, पण ते अपेक्षित आहे.

५ मार्च

नोंदवही इंग्रजीत असते, कारण तपासनीसांच्या संस्थेला इंग्रजीच लागतं. आणि आमचं इंग्रजी असं: 'समवन हॅव टच्ड द ग्लास.' 'एव्हरीबडी आर क्लीनिंग.' 'नोबडी हॅव क्लोज्ड.' हे परक्या माणसाने वाचायचं म्हणजे शोभाच.

गेल्या बुधवारपासून मी रोज सकाळी आठला येऊन आदल्या दिवशीच्या नोंदी लाल पेनाने दुरुस्त करते. नोंदवही खोलीबाहेर न्यायची नाही (हाही नियम माझाच), म्हणून तिथेच, दगडी टेबलाच्या कडेला बसते. उजेड कमी पडतो. त्याच बुधवारी दुपारी स्टोअरमधून टेबललॅम्प आणवला. पिवळ्या बल्बचा, जुना, पण चालतो.

तराजूतला फरक सुरू झाला गुरुवारी. म्हणजे मी शिस्त लावायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बेशिस्त वाढली. माणसांचं असंच असतं.

६ मार्च

आत्याकडे राहण्याचा आज पहिल्यांदा व्यावसायिक उपयोग झाला. तिने चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि टीव्हीवरच्या बातम्यांखालच्या पट्टीतल्या चुका मोजते.

मी विचारलं, "एव्हरीबडी म्हणजे सगळे. मग पुढे 'आर' का नाही?"

"कारण तो शब्द घोळका बघतच नाही. हजेरी घेतो गं तो, एकेकाला उभं करून."

"आणि खोलीत पाच माणसं असली तर?"

"पन्नास असली तरी. समवन, एनीवन, नोबडी, ईच, हे सगळे एकटे जीव. मेनी, फ्यू, बोथ हे टोळीने फिरणारे. ऑल आणि सम यांचा भरवसा नाही, ज्याच्या घरी जातील त्याच्यासारखे वागतील. पाण्याबरोबर 'इज', वजनांबरोबर 'आर'."

"आणि नन?"

"ननवरून विद्वानांची भांडणं आहेत. तू त्यात पडू नकोस. तुझं प्रोबेशन चालू आहे."

मी तक्ता केला. रकाने तीन: एकटे, टोळीचे, बेभरवशाचे. कपाटाच्या दाराला चिकटवला. आत्या तो बघून म्हणाली, "आलेल्या स्थळांचाही असाच एक कर."

८ मार्च

दुपारी चारला दोघांचा दहा मिनिटांचा वर्ग घेतला. लांबूने हात वर केला.

"मॅडम, हा समवन हुद्द्याने मोठा असला तर?"

"तरी 'हॅज'."

"म्हणजे आला, बसला, ठेवलं, असं एकेरी? तोंडावर?"

"इंग्रजीत अरे-तुरे आणि अहो-जाहो असं काही नसतं."

"इंग्रजीत नसेल हो. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितो, त्यांना एकेरी लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून 'हॅव' टाकतो. तेवढाच मान."

इथे काकांना ठसका लागला. बराच वेळ. पाणी द्यावं लागलं.

मी स्पष्ट केलं की नोंदवहीत कुणाला मान द्यायची आवश्यकता नाही. लांबू म्हणाला, "बरं. तुम्हीच म्हणताय तर." या माणसाची अडचण अशी की तो नियमात भावना आणतो.

१२ मार्च

१० आणि ११ तारखेला मी मुख्यालयात प्रशिक्षणाला गेले होते. दोन्ही दिवस फरक ०.१. आज मी परत आले, फरक ३.४.

माझा अंदाज: मी नसताना दोघं जबाबदारीने वागतात. मी आले की मोकळे होतात, कारण मग जबाबदारी माझी.

आत्याला पटलं नाही. "माझ्या वर्गात उलट व्हायचं. मी नसले की बाकं मोडायची."

"ती मुलं होती, आत्या."

"आणि हे कोण आहेत?"

१४ मार्च

आज मोठं यश.

रोज किती क्रियापदं चुकली ते मी मोजून ठेवलं होतं. आलेख काढला. आडव्या रेषेवर मी सकाळी दुरुस्त केलेल्या चुका, उभ्या रेषेवर त्याच सकाळचा तराजूतला फरक. सगळे ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत. चार चुका, फरक १.८. सहा चुका, २.५. नऊ चुका, ३.४. इतकी स्वच्छ रेषा मला कॉलेजातही कधी मिळाली नव्हती.

अर्थ उघड आहे. जो क्रियापदाबद्दल निष्काळजी, तो तराजूबद्दलही निष्काळजी. आणि बहुतेक चुका लांबूच्या अक्षरात आहेत.

(दुरुस्तीला लागलेला वेळही सवयीने टिपला आहे: चार चुकांना बावीस मिनिटं, नऊ चुकांना पन्नास. त्याचा इथे उपयोग नाही.)

१५ मार्च

साहेबांना लेखी अहवाल दिला. शिफारस: लांबूला वजनाच्या खोलीतून काढून स्टोअरला पाठवावं.

साहेबांनी आलेख आडवा धरला, उभा धरला. "अकरा वर्षं वजनं उचलतोय तो. आजवर एक पाडलं नाही."

"रेषा स्पष्ट आहे, साहेब."

"ती दिसतेय." त्यांनी सही केली. १ एप्रिलपासून.

दुपारी लांबू माझ्या केबिनच्या दारात आला. दाराच्या चौकटीला हात टेकवून उभा राहिला.

"स्टोअरमध्ये खुर्चीला हात आहेत म्हणे."

"हो."

"छान."

मग गेला. तो वाद घालेल म्हणून मी चार मुद्दे काढून ठेवले होते. एकही लागला नाही. त्याला बहुतेक आरामच हवा असावा. आज त्याने डबा उघडला नाही, असं काका सांगत होते. ते मला का सांगत होते, कळलं नाही.

१८ मार्च

नोंदवहीत लांबूची नवी नोंद: 'समवन आर सिटिंग एव्हरी मॉर्निंग विथ लॅम्प.'

'आर' खोडून 'इज' केलं. लॅम्पच्या आधी 'अ' घातला. मग अर्थाकडे लक्ष गेलं. कोणीतरी रोज सकाळी दिवा लावून आत बसतं! मी आठला येते तेव्हा खोली रिकामी असते. म्हणजे जो कोणी आहे, तो त्याआधी येऊन जातो.

उद्यापासून मी सातला.

१९ मार्च

सात ते नऊ खोलीत बसून पहारा दिला. कोणीही आलं नाही. दोन तास वाया जाऊ नयेत म्हणून दिवा लावून जानेवारीची पानंही दुरुस्त करून टाकली.

नऊ वाजता फरक ५.२. आजवरचा सर्वांत मोठा.

जो कोणी आहे, तो अत्यंत हुशार आहे.

२१ मार्च

सकाळी काका आत डोकावले. "मॅडम, दिव्याशी इतकं बसू नये. डोळ्यांना वाईट. वही घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसा ना, उजेड बघा किती छान आहे."

"नोंदवही बाहेर न्यायची नाही, काका. नियम आहे."

"नियम तुमचाच आहे."

"म्हणूनच."

काकांनी दिव्याकडे बघितलं. "आमच्या धाकट्या बहिणीचं अगदी असंच."

"त्यांचे डोळे बिघडले?"

"नाही हो. डोळे ठणठणीत आहेत. सांगितलेलं कळत नाही."

संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घेतले. दोन्ही उत्तम.

२४ मार्च

सात वाजून पाच मिनिटांनी बल्ब गेला. दुरुस्त्या करता येईनात म्हणून मी केबिनमध्ये जाऊन बसले. नऊला फरक ०.१.

लांबू आकड्याकडे बघत म्हणाला, "सुटलो एकदाचे." मी म्हटलं, एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. तो काकांकडे बघून म्हणाला, "घ्या."

संध्याकाळी आलेख आत्यासमोर ठेवला. तपासनीस बाईंना तो दाखवायचा आहे, शीर्षकांचं इंग्रजी बघून दे म्हटलं.

"ही आडवी रेघ कसली?"

"दुरुस्त केलेल्या चुका."

"चुका कोण दुरुस्त करतं?"

"मी."

"कुठे बसून?"

"तराजूपाशी. नोंदवही तिथेच असते."

"इतक्या सकाळी दिसतं तुला?"

"दिवा आहे. साठ वॉटचा."

आत्याने चष्मा काढला. "आणि इथे वर लिहिलंयस, खोलीत वावरणारी माणसं दोन."

"दोनच आहेत."

"हजेरीत मास्तरीण धरत नाहीत, बरोबर आहे. पण ती वर्गात असते ना गं."

मी आलेखाची घडी घातली. पुन्हा उघडला. पुन्हा घातली.

२५ मार्च

नवा बल्ब आणून प्रयोग केला. प्रत्येक खेपेच्या मधे खोली बंद करून दोन तास थांबले.

दिवा बंद, मी बाहेर: ०.१.
दिवा बंद, मी आत पन्नास मिनिटं: ०.९.
दिवा चालू, मी आत पन्नास मिनिटं: ३.३.

तराजूच्या उजव्या काचेपासून दिवा वीस सेंटिमीटर, माझी खुर्ची चाळीस. एका बाजूची हवा तापते, वर चढते, आणि पारड्याला हलकासा धक्का देत राहते. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले. त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. जितक्या चुका जास्त, तितका वेळ मी आत. जितका वेळ मी आत, तितका फरक जास्त. रेषा खरीच होती. फक्त ती माझी होती.

निष्कर्ष:

(जागा सोडली आहे. पेनात शाई होती.)

२६ मार्च

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तराजू आता ठीक आहे?"

"हो."

"मग झालं. उद्याच्या फॉर्मवर कारण लिहावं लागेल. लिहा, समवन हॅज केप्ट अ लॅम्प नियर द बॅलन्स. तुमचं व्याकरण उत्तम आहेच."

"आणि लांबू?"

"त्याची ऑर्डर निघालीय. तुमची ३१ ला निघेल. आता दोन्ही फिरवायला लावू नका मला."

माझ्या कायम होण्याचं पत्र त्यांच्या टेबलावर टाईप होऊन पडलं होतं. उलटं होतं तरी वाचता आलं. फक्त सही बाकी.

घरी फॉर्म घेऊन बसले. पहिला मसुदा: 'द लॅम्प वॉज केप्ट नियर द बॅलन्स.'

आत्या म्हणाली, "दिवा आपणहून चालत आला का?"

दुसरा: 'समवन हॅज केप्ट.' तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

तिसरा: 'नोबडी वॉज अवेअर.'

"तुझ्याशिवाय सगळे अवेअर होते. पुढे."

चौथा चांगला लांबलचक झाला. त्यात दिवा, तापमान, खोलीची रचना, स्टोअरने दिलेला बल्ब, सगळं होतं. मी कुठेच नव्हते. आत्याने तो दोनदा वाचला. "क्रियापद एकही चुकलेलं नाही. मी शून्य देईन."

मी सांगितलं, हे लिहिलं तर नोकरी जाऊ शकते. ती म्हणाली, "जाऊ शकते. आणि नाही लिहिलं तर लांबूची वजनाची खोली जाईल. तू इंजिनियर आहेस, तूच मोज." आणि आपल्या खोलीत निघून गेली. मला ती राहून वाद घालायला हवी होती.

मी मोजलं. एका बाजूला माझं पत्र. दुसऱ्या बाजूला एका माणसाची अकरा वर्षं आणि न उघडलेला डबा. डब्याचं काय चाललं होतं ते मला आज कळलं, अकरा दिवसांनी.

अडीच तासांत पाच शब्द झाले: आय केप्ट द लॅम्प ऑन.

खाली आणखी एक वाक्य: १५ तारखेचा माझा अहवाल चुकीचा आहे आणि तो मी मागे घेते. हे मात्र एका दमात लिहिलं.

२७ मार्च

तपासनीस बाई बरोबर आठला आल्या. वयाने आत्याच्या बरोबरीच्या, हातात स्वतःचा थर्मामीटर. नोंदवही घेऊन केबिनमध्ये बसल्या आणि पानं उलटत राहिल्या.

"हा समवन फार कामाचा दिसतो. सगळं हाच करतो. कोण आहे?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. काका जमिनीकडे. लांबू छताकडे, त्याला ते जवळ पडतं.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी वाचला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"आणि हा पंधरा तारखेचा अहवाल? कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा, आलेखासकट?"

"तोही मीच."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "इंग्रजी दोन्हींचं चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि एक मला परत दिला. अहवाल. "खोली बंद करा. तासाभराने वजन बघू. रोज जो वजन ठेवतो, तोच ठेवेल."

बाहेर पडताना साहेब हळूच म्हणाले, "ऑर्डर रद्द करतो त्याची. तुमचं प्रोबेशन मात्र तीन महिने वाढवावं लागेल." मी म्हटलं, योग्य आहे. ते म्हणाले, "योग्य आहे ते मलाही कळतं. निदान वाईट तरी वाटून घ्या."

तासभर कुणी आत जायचं नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर काका आणि लांबू बसले होते. लांबूच्या पायाशी एक खोकं होतं, त्याने टेबल आवरून त्यात भरलेलं. काका सरकले. मी बसले. बाक दोघांचाच आहे.

मी लांबूची माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात, कर्त्यासकट.

"राहू द्या हो," तो म्हणाला. "खुर्चीला खरंच हात होते. जाऊन बघून आलो मी."

"सरळ सांगायचं होतंत ना मला."

"नाव घ्यायचं नाही, असा नियम."

"लिहायचं नाही, असा होता."

"मग काका तोंडाने सांगत होतेच की. तुम्ही डॉक्टरकडे गेलात."

"डोळे चांगले निघाले ना?" काका म्हणाले. "मग वाईट काय झालं?"

"मी ऐकत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे छे," लांबू म्हणाला. "तुम्ही ऐकता, मॅडम. पण फक्त क्रियापद."

काकांना पुन्हा ठसका लागला. या वेळी मला कारण कळलं. मीही हसले असेन. काकांनी लांबूला कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

नऊ वाजता तपासनीस बाईंनी हाक मारली. लांबूने खोक्यातून मऊ फडक्यात गुंडाळलेला चिमटा काढला. वजनं उचलायचा, त्याचा स्वतःचा. स्टोअरमध्ये त्याचं काय करणार होता कोण जाणे. काका आणि मी बाहेर, दाराच्या काचेशी उभे राहिलो.

इतका उंच माणूस इतका हळू वाकू शकतो, हे मी सहा महिन्यांत बघितलं नव्हतं. त्याने पेटीची काच सरकवली, वजन ठेवलं, काच लावली आणि दोन पावलं मागे आला. श्वास रोखून, भिंतीशी. आकडा फिरला, रेंगाळला, थांबला. बाईंनी आपल्या कागदावर लिहिला. मग नोंदवही त्याच्यापुढे सरकवून काहीतरी विचारलं, आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

लांबूने दाराकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं.

त्याने ०.१ लिहिलं, आणि पुढे स्वतःचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बाहेरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.